मुल्गा क्रॉसिंगची बावीस मतं

शनिवार, १५ मार्च

संपला एकदाचा मतदानाचा दिवस. बायको आमदारकीला उभी राहिली की नवऱ्याचं काय होतं, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. फलक ठोकणारा मी, गाडी हाकणारा मी, वकीलही मीच आणि शिव्या खाणाराही मीच. विराबी गावच्या शाळेबाहेर दिवसभर उभा राहून पत्रकं वाटली. निम्म्या लोकांनी ती घेतली आणि पलीकडच्या सॉसेजच्या टपरीवर हात पुसायला वापरली.

ग्लेंडा अपक्ष. समोर रॉस केंब्लिन, म्हणजे या मुलखातल्या निम्म्या मेंढ्यांचा आणि बऱ्याचशा माणसांचा मालक. ग्लेंडाने तीस वर्षं गावोगाव फिरून नर्सचं काम केलं. "या मतदारसंघातल्या लोकांची ढुंगणं माझ्याइतक्या सुया टोचून कुणी पाहिली नाहीत," ही तिची प्रचारातली ओळ. मी ती काढायला सांगितली होती. काढली नाही, आणि तीच सगळ्यांच्या तोंडी झाली.

संध्याकाळी उनाचा फोन आला, ग्लेंडाला. दोघी बोल्स क्लबात हिरवळीवर गोळे घरंगळवतात. बराच वेळ बोलत होत्या. ग्लेंडा आत येऊन म्हणाली, "मुल्गा क्रॉसिंगच्या केंद्रावर काहीतरी घोळ झालाय. दार लवकर बंद केलं म्हणे." मी आकडे लिहीत होतो. म्हटलं, त्या खेड्यात दारूच्या गुत्त्याशिवाय कुठलं दार वेळेवर उघडतं? ती हसली नाही.

सोमवार, ३१ मार्च

टपालाची मतं मोजून झाली, फेरमोजणी झाली. ग्लेंडा नऊ मतांनी निवडून आली. नऊ! माझ्या पत्त्यांच्या अड्ड्यावर याहून जास्त माणसं जमतात. पण आली. मी तिला उचलायला गेलो आणि कंबर धरली, आता गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलोय.

तिचा आनंद मात्र थोडा दबका वाटतो. थकली असेल.

गुरुवार, ३ एप्रिल

मुल्गा क्रॉसिंगचा घोळ कळला. आमच्या या कोपऱ्यातलं घड्याळ अॅडलेडच्या वेळेवर चालतं, राज्य सिडनीचं असलं तरी. सिडनीपेक्षा आम्ही अर्धा तास मागे. इथे जन्मलेल्याला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. तर त्या केंद्रावर नेमलेली बाई होती समुद्रकाठची. तिने सकाळी सिडनीच्या वेळेने दार उघडलं. लोकांना वाटलं, वा, आज सरकार लवकर उठलं. संध्याकाळी तिने सिडनीच्याच वेळेने दार लावलं. आणि तेवढ्यात बोल्स क्लबची बस सीमेपलीकडचा सामना खेळून परतली. बावीस बायका. त्यांनी दार ठोठावलं. आतून बाई म्हणाली, "वेळ संपली." बाहेरून उनाने आपलं घड्याळ काचेला लावून दाखवलं. आतल्या बाईनेही आपलं लावून दाखवलं. दोघी आपापल्या जागी बरोबर!

मला हसू आवरेना. ग्लेंडा म्हणाली, "नेव्ह, नऊ आणि बावीस."

मी म्हटलं, त्या बावीस जणी कुणाच्या? तुझ्या क्लबच्या. तुझ्याबरोबर वीस वर्षं खेळणाऱ्या. त्यांनी मत दिलं असतं तर तू एकतीसने आली असतीस. म्हणजे नुकसान झालं ते आपलंच.

"तुला कसं माहीत?" ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मंगळवार, १५ एप्रिल

केंब्लिन कोर्टात जाणार अशी बातमी. जाऊ दे की! निवडणुकीच्या तक्रारीचा खटला सिडनीला वरच्या कोर्टात चालेल. आमच्याकडे वकिलांच्या दोन जाती: एक माझ्यासारखी, गावात बसून कागद करणारी, आणि दुसरी काळा झगा घालून कोर्टात उभी राहणारी. पहिल्याने दुसऱ्याला काम सोपवायचं असतं. मी कुणाला सोपवणार हे सांगायला नकोच. केरिन पेंडर!

केरिन सतरा वर्षांची असताना माझ्या ऑफिसात फोन उचलायला आली. तिची आई केंब्लिनच्या बापाच्या घरी स्वयंपाकीण होती. एका दुपारी तिला पोरीसकट आणि बोचक्यासकट फाटकाबाहेर काढलं, पगारही दिला नाही. केरिनला मी कायदा शिकवला, म्हणजे आधी चहा करायला आणि मग कायदा. आज सिडनीत तिचं नाव निघालं की समोरचा वकील आधी तडजोडीचं विचारतो. ही पोरगी केंब्लिनला कोर्टात उलटा टांगेल.

ग्लेंडा म्हणाली, "फोन केलास का तिला?" म्हटलं, ईस्टरच्या सुट्ट्या होऊ देत. सगळे कागद नीट बांधून, एकदम पाठवतो. ती काय पळून जातेय?

"आधी विचार तरी," ग्लेंडा म्हणाली.

गुरुवार, २४ एप्रिल

आज लिहायचंच नव्हतं.

केरिनचा फोन आला. मी म्हटलं, "बरं झालं, मीच करणार होतो, तुझ्यासाठी मोठं काम आहे!"

ती म्हणाली, "नेव्हिल, पुढे एक अक्षर बोलू नका. माझ्याकडे केंब्लिनचं काम आलंय. मी घेतलंय."

मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, "घेतलंस म्हणजे? तुझ्या आईला ज्यांनी रस्त्यावर काढलं त्यांचं?"

"हो."

"तुला नाही म्हणायला हजार कारणं आहेत!"

"आहेत. त्यातलं एकही नियमात बसत नाही. या कायद्यातलं काम मी करते, तारखा मोकळ्या आहेत, फी देतायत. रांगेत पहिली टॅक्सी मी होते. गिऱ्हाईक आवडलं नाही म्हणून टॅक्सी पळवता येत नाही, हे मला कुणी शिकवलं?"

मीच शिकवलं. आणखी कोण? उभ्या राहणाऱ्या वकिलाने येईल त्याचं काम घ्यायचं, माणूस बघून घ्यायचं नाही. नाहीतर ज्याला गाव नावं ठेवतं त्याला वकीलच मिळणार नाही. हे मी तिला पन्नास वेळा ऐकवलं असेल, छाती फुगवून. गुरूची विद्या गुरूला.

"तुमचे कागद आधी आले असते तर मी तुमच्याकडून उभी राहिले असते," ती म्हणाली. मग विचारलं, "कंबर कशी आहे?"

मी फोन आपटला.

शुक्रवार, २५ एप्रिल

पहाटे अॅन्झॅक दिवसाच्या सभेला गेलो, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीच्या. सैनिकांच्या स्मारकापाशी केंब्लिन माझ्यापासून दोन हात अंतरावर उभा. त्याने मान लववली, मीही लववली. या दिवशी भांडत नाहीत. घरी येताना गाडीत ग्लेंडाला म्हटलं, केरिनने दगा दिला. ती म्हणाली, "दगा? तू उशीर केलास, तिने नाही." चाळीस वर्षं संसार केलेली बाई वर्मावर बोट ठेवताना जराही चाचपडत नाही.

बुधवार, २१ मे

आज कहर झाला. आमच्याकडे मत देणं सक्तीचं, म्हणून बसमधल्या बायकांना सरकारी पत्रं आली: मतदान का केलं नाही, कारण द्या, नाहीतर दंड भरा. ग्लेंडा माझ्या ऑफिसात बसली होती, तेवढ्यात उना तणतणत आली.

"नेव्हिल, मी दार बडवलं, बोंब मारली, आणि दंड मलाच? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

मी तिला शांत केलं, कारण लिहून दिलं, चहा दिला. उना फिच, वय चौऱ्याहत्तर, ग्लेंडाच्या लग्नात करवली होती. तिचा मुलगा क्रेग हा केंब्लिनचा मेंढ्यांचा ट्रक चालवतो, सून त्याच्याच हिशेबखात्यात. माणूस तरी दुसरीकडे कुठे काम शोधणार इथे?

म्हटलं, "तुला साक्षीला यावं लागेल. घाबरू नको. तुझं मत कुणाला जाणार होतं, ते काय सांगायला हवं!"

उना म्हणाली, "साखर आहे का रे अजून?" आणि तीन चमचे घातले. तिला मधुमेह आहे. ग्लेंडाने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. का ते कळलं नाही. वाढदिवस वगैरे विसरलो असेन.

रविवार, १५ जून, सिडनी

परवा सुनावणी. आमचा वकील फर्गस ड्वायर. गोरा, गोल, विनोदी. त्याला म्हटलं, बावीस जणींना विचारा की दार उघडं असतं तर मत कुणाला दिलं असतं. बाविसाच्या बावीस ग्लेंडाचं नाव घेतील, खटला तिथेच आटोपला.

ड्वायर म्हणाला, "विचारता येत नाही. दाराबाहेर राहिलेला मतदार कुणाला मत देणार होता, याचा पुरावा कोर्ट घेत नाही. कायद्यात स्वच्छ लिहिलंय. तुम्ही वकील ना?"

"माहितीय मला. पण आडून आडून विचाराल की नाही?"

"विचारीन. आणि तुमची ती चेली मला कच्चा खाईल."

ग्लेंडा खिडकीपाशी बसली होती. म्हणाली, "मला हे विचारलेलं नको आहे." मी म्हटलं, तू आमदार हो, वकिली आमच्यावर सोड. ती खिडकीपासून उठली. मग ड्वायरला म्हणाली, "नवरा ऐकत नाही, पण अशील मी आहे." ड्वायर म्हणाला, "बाई, एकच प्रश्न. मैत्रीचा." तिने नाराजीने मान हलवली. होकार की नकार, मी होकार धरला.

मंगळवार, १७ जून, सिडनी

सगळं लिहून काढायला हवं, नाहीतर उद्या माझ्याच सोयीचं आठवेन.

आधी ती दार लावणारी बाई साक्षीला आली. मिसेस ऑटवे, निवृत्त शिक्षिका, कडक इस्त्रीचं जाकीट. मला वाटलं केरिन तिला सोलून काढेल. केरिनने फक्त विचारलं, "दार तुम्ही स्वतः लावलंत?"

"हो. आणि वेळेवर लावलं याचा मला अभिमान होता. परतताना पेट्रोल पंपावर घड्याळ पाहिलं तेव्हा कळलं. त्याच रात्री मी कळवलं. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

केरिन म्हणाली, "एवढं सरळ उत्तर मी फार कमी ऐकलंय. आभार." आणि खाली बसली. मिसेस ऑटवे ताठ मानेने गेल्या. ज्या चुकीवर तिचा सगळा खटला उभा, ती करणाऱ्या बाईला तिने एक ओरखडा काढला नाही. मला राग यायला हवा होता. नाही आला.

दुपारी उना. साक्षीदाराचा लाकडी पिंजरा, त्यात एवढीशी उना, पर्स पोटाशी धरून. समोर डावीकडे आम्ही, उजवीकडे केंब्लिन. त्याने तिला हसून मान डोलावली. मीही हसून डोलावली, त्याच्यापेक्षा जोरात.

ड्वायर गोड आवाजात म्हणाला, "मिसेस फिच, माझ्या अशिलांना किती वर्षं ओळखता?"

"पन्नास होतील."

"मैत्रीण?"

"सगळ्यात जवळची."

"मग त्या संध्याकाळी इतक्या लांबून, घाईघाईने, तुम्ही मुल्गा क्रॉसिंगला आलात ते..."

केरिन उभी राहिली होती. आवाज चढवला नाही. "हरकत आहे. माझे विद्वान मित्र या बाईंना पायरी पायरीने कुठे नेतायत ते आपल्या सगळ्यांना दिसतंय. त्यांनी मत द्यायला यावं एवढाच त्यांच्यावर कायदा आहे, आणि त्या आल्या. मत कुणाला, हे त्यांना जगात कुणीही विचारू शकत नाही. माझे मित्र नाही, मी नाही, माझे अशील नाहीत, आणि न्यायमूर्ती, क्षमा असावी, आपणही नाही."

न्यायमूर्ती बाईंनी चष्म्यावरून ड्वायरकडे पाहिलं. "मिस्टर ड्वायर, बसा."

उनाने इतका मोठा श्वास सोडला की मागच्या बाकापर्यंत ऐकू आला. डोळ्यांत पाणी. बिचारी, इतक्या लांब आली आणि मैत्रिणीसाठी एक शब्द बोलू दिला नाही तिला! मी ग्लेंडाकडे पाहिलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ती पाहत होती केरिनकडे, आणि ते रागाचं पाहणं नव्हतं. बायकांचं मला कळत नाही.

एक मात्र लिहितो, कितीही जीवावर आलं तरी. वकिली करताना मी शेकडो वेळा हरकत घेतलेली ऐकलीय. अशी नाही. अंगावर काटा आला.

बाहेर पायऱ्यांवर केंब्लिन तिचं पुस्तकांचं ओझं उचलायला पुढे झाला. तिने दिलं. ज्या बाईचं बोचकं फाटकाबाहेर टाकलं, तिच्या लेकीचं बोचकं आता तो वाहत होता, आणि केरिन त्याला उद्याचं काम समजावत होती, एखाद्या नेहमीच्या अशिलाला समजावावं तसं.

शुक्रवार, ४ जुलै

हरलो. निवडणूक रद्द, पुन्हा मतदान. निकाल सरळ आहे: बाहेर राहिलेले मतदार आघाडीपेक्षा जास्त, म्हणजे निकाल खरा की खोटा सांगता येत नाही, म्हणजे तो निकालच नाही. मी सोफ्यावर पडून राहिलो. ग्लेंडाने विधानसभेच्या ऑफिसची किल्ली पाकिटात घालून परत पाठवली, गाजरं चिरली, आणि चक्क गाणं गुणगुणत होती.

"तुला वाईट वाटत नाही?"

"वाटतं. पण मार्चपासून पहिल्यांदा आज झोप लागेल."

शनिवार, १६ ऑगस्ट

पुन्हा सगळं. पुन्हा पत्रकं, पुन्हा सॉसेज. लोक वैतागलेले. एकाने विचारलं, "आता दर महिन्याला करणार का रे?" तरीही आले, रांगेत उभे राहिले, म्हातारे, लंगडे, लेकुरवाळ्या, कुरकुरत का होईना. जगात लोक मतासाठी गोळ्या खातात. आमच्याकडे लोक मत देता देता पार्किंगबद्दल तक्रार करतात. मला आज तेही आवडलं.

मी मोजणीला मुद्दाम मुल्गा क्रॉसिंगला बसलो. भिंतीवर दोन घड्याळं आणि खाली ठळक चिठ्ठी: हे बघा. बोल्स क्लबच्या बायका सकाळीच, एका ओळीत आल्या. उनाने मला डोळा मारला. पेटी उघडली. कागद दोन ढिगांत पडू लागले. मार्चमध्ये या पेटीत आम्ही पुढे होतो. आज केंब्लिनचा ढीग वाढत गेला, वाढत गेला. बावीस नवी मतं, आणि आमच्या ढिगात जेमतेम पाच वाढली.

लोकांची मनं मधल्या काळात बदलली असतील. खटल्यामुळे चिडले असतील. असंच झालं असणार. मी हिशेब पुन्हा केला आणि कागद खिशात घातला.

एकूण निकाल: केंब्लिन, दोनशेच्या आसपास मतांनी. ग्लेंडाने स्वतः फोन करून त्याचं अभिनंदन केलं. मग म्हणाली, "प्रचारात इस्पितळाच्या बाळंतीण कक्षाचं वचन दिलंयस, रॉस. मी दर महिन्याला विचारायला येणार." तो काय म्हणाला माहीत नाही, पण ती समाधानाने हसली.

रविवार, १७ ऑगस्ट

सकाळी केरिनला फोन केला. एप्रिलपासूनचा पहिला. म्हटलं, "ती हरकत. कुणासाठी घेतलीस?"

"अशिलासाठी. पैसे त्याच्याकडून घेतले होते."

"बस?"

ती म्हणाली, "नेव्हिल, त्या बाईच्या एका बाजूला पन्नास वर्षांची मैत्रीण बसली होती आणि दुसऱ्या बाजूला मुलाचा मालक. तुम्ही खरंच फक्त एकाच बाजूला पाहत होतात?"

मी खिशातला कागद चाचपला. मग म्हटलं, मला तुझा अभिमान वाटतो. हे मी तिला याआधी कधी म्हटलं नव्हतं, असं फोन ठेवल्यावर लक्षात आलं. ती म्हणाली, "कंबर सांभाळा."

दुपारी बोल्स क्लब. ग्लेंडा पांढरे कपडे घालून गेली, जणू काल काही झालंच नाही. बायका बिचकत होत्या. एकेक येऊन म्हणायची, "मी तुलाच दिलं हं." ती प्रत्येकीला "थँक्यू गं" म्हणायची. खिशातला 'पाच' लिहिलेला कागद मला टोचत होता. चौदावीही आली तेव्हा मला राहवेना, मी तोंड उघडलं, आणि ग्लेंडाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी सँडविच खाल्लं.

उना मात्र लांब उभी. शेवटी आली, हातात गोळा घेऊन. म्हणाली, "ग्लेंडा, मला तुला सांगायचंय. मार्चमध्ये मनात होतं, आणि काल तर मी... क्रेगची नोकरी, तुला माहितीय..."

ग्लेंडाने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "उना, गप्प. तुला हे कुणालाही सांगायला लागू नये, मला तर नाहीच नाही, म्हणून तर मी उभी राहिले होते. चल, पाळी तुझी आहे."

उना तिच्या गळ्यात पडून रडली आणि मग गोळा टाकला. चांगला गेला.

परतताना गाडीत मी कागद फाडून टाकला. चाळीस वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपतो आणि मला वाटायचं कायदा मला कळतो. मी दोन्ही वेळा कुणाला मत दिलं ते इथे लिहून ठेवतो, कारण ही वही दुसरं कुणी वाचत नाही: ग्लेंडाला. तिने मला अजून विचारलेलं नाही.